आवाज कुणाचा?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण परभणीच्या पोराला पाळण्यातच शिकवली जाते. तिचा अर्थ मात्र कुणी कुणाला विचारायचा नसतो. रस्ते, पाणी, कारखाने, फुटबॉल असलं काही काढून तुलना करायला गेलं की म्हण जागच्या जागी बसते. पण 2020 साली जर्मनीतून एक बातमी आली आणि निदान एका बाबतीत तरी म्हण खरी निघाली. तिथल्या राज्यांच्या सभागृहाने, म्हणजे बुंडेसराटने, मे महिन्यात ठराव केला की नव्या मोटारसायकलींचा आवाज 80 डेसिबलच्या वर जाऊ नये आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी त्यांच्या फिरण्यावर बंदी घालायची सोय असावी. झालं! जुलैत म्युनिकसह ठिकठिकाणी हजारो बायकर गाड्या घेऊन रस्त्यावर उतरले. ज्या देशात रविवारी वस्तीत गवत कापायचं यंत्रसुद्धा चालवता येत नाही, तिथली माणसं आवाजाच्या हक्कासाठी एवढी पेटतात म्हटल्यावर आमच्या वसमत रोडवरच्या पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही.

फरक एवढाच की जर्मनांना मोर्चा काढावा लागला. आमच्याकडे त्याची गरज पडत नाही. रात्री साडेदहाला एक बुलेट कृषी विद्यापीठाच्या काळ्या कमानीपासून शिवाजी चौकापर्यंत गेली की तिचं निवेदन वाटेतल्या सगळ्या घरांना पोचतं. पोच देण्यासाठी घराघरातली तान्ही लेकरं उठून बसतात.

या आवाजाला आमच्या भागात एकेकाळी मान होता, हे आधी सांगायला हवं. बुलेट 1955 पासून मद्रासला जोडली जाऊ लागली ती मुळात लष्कराला गाड्या हव्या होत्या म्हणून. तिथून ती पोलिसांत आली आणि मग मोठ्या बागायतदाराच्या ओसरीवर. तालुक्यात मोजक्याच गाड्या. दूरवरून धडधड आली की फौजदारसाहेब निघाले हे गावाला कळायचं, आणि साहेब वेशीत पोचेपर्यंत पिंपळाखालचा जुगाराचा डाव उठून तिथे भजन सुरू झालेलं असायचं. म्हणजे त्या आवाजाने गुन्हेगारी कमी होत होती. निदान सापडत तरी नव्हती.

शिवाय तो आवाज मिळवायला कष्ट होते. जुन्या बुलेटला बटण नव्हतं. टाकीच्या पुढे छोटा अँपिअर मीटर. किक हलकेच दाबत त्याचा काटा मधोमध आणायचा, डाव्या हाताने डीकंप्रेशनची कळ ओढून पिस्टन पुढे सरकवायचा, कळ सोडायची, आणि मग सगळं वजन टाकून किक मारायची. यात काही चुकलं तर किक उलटी यायची आणि मालक लंगडत लग्नाला जायचा. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात. एवढी साधना केल्यावर थोडाफार आवाज करण्याचा माणसाला नैतिक अधिकार पोचतो, असं माझं मत आहे.

पुढे सेल्फ आला. गिअर डावीकडे गेला. सोयाबीनचे पैसे आले, बँकांची कर्जं आली, आणि काही घरांत मुलीच्या वडिलांनी 'हौसेनं' दिलेली बुलेट आली. ही हौस लग्न ठरताना बैठकीत लिहून घेतलेली असते, ती गोष्ट वेगळी. आता गल्लीला दोन बुलेट आहेत. आणि नेमक्या याच काळात कंपनीने आवाज उतरवत आणला. 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले, कार्बोरेटर जाऊन इंजेक्शन आलं, धुराच्या वाटेत शुद्धीकरणाचा डबा आणि सेन्सर बसला. गाडी गोड बोलू लागली. अडीच लाख मोजून गोड बोलायचं तर बुलेट कशाला, असा प्रश्न माझ्या भाच्याला पडला.

भाचा गंगाखेडचा. परभणीत खोली करून राहतो, पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे पाचला मैदानावर पळायला जातो, आणि तो पळायला निघाला हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना कळतं, कारण मैदानापर्यंत तो बुलेटवर जातो.

त्याच्या गाडीला 'पंजाब' आहे. मला आधी वाटलं की पासिंग पंजाबचं असेल. ते सायलेन्सरचं नाव निघालं. गॅरेजात बाकड्यावर बसून नुसतं ऐकलं तरी ज्ञान वाढतं. पंजाब, त्यात लाँग पंजाब आणि शॉर्ट पंजाब, इंदोरी, डॉल्फिन, मेगाफोन, लाँग बॉटल, शॉर्ट बॉटल. ढाब्यावर वेटर पाठ म्हणून दाखवतो त्या चालीत गॅरेजवाले उस्ताद ही यादी म्हणतात आणि गिऱ्हाईक तोंडाला पाणी सुटल्यागत ऐकत राहतं.

उस्तादांनी मला एक कापलेला सायलेन्सर दाखवला. आत एकामागे एक खोल्या, मध्ये आडव्या पत्र्याच्या भिंती, भोकं पाडलेली नळी, भोवती काचेच्या लोकरीचं वेष्टन. इंजिनातून ताणात सुटलेला वायू या खोल्यांतून फिरतो, पसरतो, भिंतींवर आपटतो आणि दमून बाहेर पडतो. "अंदर की जाली निकाल दी, तो गॅस सीधा भार," उस्ताद म्हणाले. हेच केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या 120 व्या नियमात लिहिलं आहे, फक्त उस्तादांइतकं सुटसुटीत नाही. प्रत्येक मोटार वाहनाला, शेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा, वायूचा आवाज शक्य तितका कमी करणारं साधन हवं. ट्रॅक्टरचा त्यात मुद्दाम उल्लेख आहे. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या उभ्या नळकांड्यावर पत्र्याचा रिकामा डबा पालथा घालतात, पण तो पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. त्या डब्याची टणटण हा वर जास्तीचा आवाज. त्यासाठी कुठला नियम आहे ते मी पाहिलेलं नाही.

फटाक्याचंही शास्त्र आहे. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीवर ते जास्त जमतं. चालत्या गाडीची चावी बंद करायची. इंजिन फिरतच असतं, पेट्रोल ओढतंच असतं, पण ठिणगी नसल्यामुळे ते न जळता तापलेल्या सायलेन्सरात जाऊन साठतं. मग चावी चालू केली की तिथेच भडका आणि धाडकन आवाज. नारायण चाळीच्या कोपऱ्यावर हा प्रयोग झाला की एकदम चार गोष्टी घडतात. कुत्री पळतात, म्हातारे आयमाय काढतात, दुकानदार ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून वर बघतात, आणि ज्या मुलीसाठी हे केलं ती कानात इअरफोन घालून निघून जाते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या गाडीत परस्पर बदल करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका खटल्यात तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नवं कलम आलं: मालकाने असा बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. आवाजाची मर्यादा मोडल्याचं कलम वेगळं. त्यात पहिल्या वेळेला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स बाद. 175 सीसीच्या वरच्या दुचाकीला तयार होतानाच 80 डेसिबलची मर्यादा आहे. साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून ती मोजतात. म्हणजे जर्मन ज्या आकड्यावरून भांडले, तो आपल्या कागदावर 2005 पासून आहे. परभणी पुढे आहे म्हणतात ते उगाच नाही.

कायद्याबद्दलच्या प्रतिक्रिया ऐकायच्या तर वाहतूक पोलीस उभे असतात त्या चौकापासून दोनशे पावलांवरच्या चहाच्या टपरीवर जावं. सापडलेले, सुटलेले आणि पुढचा चौक टाळून आलेले तिथे एकत्र भेटतात. एकाचं म्हणणं, सायलेन्सर कंपनीनंच असा दिला. दुसऱ्याने गाडी सेकंड हँड घेतली, त्यामुळे पाप आधीच्या मालकाचं. तिसरा विद्वान असतो. त्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या बायकरचा सिद्धांत वाचलेला असतो की मोठ्या आवाजाने जीव वाचतात, कारण लोक आधीच बाजूला होतात.

भाचाही या पंथातला. "मामा, आवाज असला की लोकं आपोआप सरकतेत. सेफ्टी राहती."

मी म्हटलं, "सायलेन्सरचं तोंड मागं असतं. तुला धडकायचं ते पुढून येतं."

"तुमाला नाही कळायचं, मामा."

नाहीच कळत. वसमत रोडवर दुभाजकापाशी रवंथ करत बसलेली म्हैस 'पंजाब' ऐकून उठल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. ती इंदोरीलाही उठत नाही.

पोलिसांची तपासणी पाहण्यासारखी असते. डेसिबल मोजायचं यंत्र दर चौकात कुठून असणार? हवालदारसाहेबांचा कान हेच यंत्र. ते गाडी बाजूला घ्यायला लावतात आणि म्हणतात, "हं, रेस कर." आणि जो मुलगा काल रात्री अख्ख्या पेठेला जागरण घडवत होता, तो आता दोन बोटांनी, श्वास रोखून, इतक्या मायेने मूठ पिळतो की गाडीला झोप यावी. साहेब स्वतः हात घालतात. मग जे व्हायचं ते होतं.

यावरही तोडगा आहे. सायलेन्सरच्या तोंडात बसवायची एक बुच्चीवजा नळी असते, तिला डीबी किलर म्हणतात. ती बसवली की आवाज उतरतो, काढली की चढतो. जाणकार पोरं ती आणि तिचा पाना खिशात ठेवतात. समोरून येणाऱ्या ओळखीच्या गाडीने डोळा मारला की रस्त्याकडेला बसून आधी नळी आवळायची आणि मग सज्जनपणे चौकात शिरायचं. पुढच्या वळणावर पुन्हा सोडवायची. एवढी यातायात करण्यापेक्षा नळी आतच राहू दिली तर, असं मी भाच्याला विचारलं. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

हेही न जमणाऱ्यांचा शेवटचा उपाय म्हणजे फोन. कुणाचा तरी भाऊ, दादा, साहेब पलीकडे धरलेला असतो. "साहेब, जरा बोला ना, भाऊ लाइनवर आहेत." हा फोन न घेण्याची कला वाहतूक पोलिसाला अंगी बाणवावी लागते. एकदा चौकात मी स्वतः ऐकलेलं उत्तर असं होतं: "इकडं नका देऊ. मला ऐकू येईना गेलंय. सकाळपासून तुमच्याच गाड्या तपासायलोय."

भाच्याला पकडलं त्या दिवशी त्याला दंडाची काळजी नव्हती. "मामा, केस तर नाही ना पडत? भरतीला चारित्र्याचा दाखला लागतो." केस पडली नाही, चलन पडलं. सायलेन्सर मात्र तिथेच उतरवून घेतला. आता ओरिजनल सायलेन्सर आणा आणि गाडी न्या, असा हुकूम. आणि इथे सगळ्या शौकिनांची एकच गत होते, कारण गाडी घेतल्याच्या आठवड्यातच कंपनीचा सायलेन्सर काढलेला असतो आणि तो कुठे गेला हे कुणालाच आठवत नाही. काहींचा भंगारात गेलेला. आमचा गंगाखेडला सापडला. गोठ्यातली पाण्याची टाकी एका अंगाला कलत होती म्हणून आमच्या ताईने त्याची उटी लावली होती. तो काढायचा तर आधी टाकी रिकामी करायची, आणि टाकीत पाणी चार दिवसांनी आलेलं. ताई म्हणाली, "तुझी गाडी राहू दे चौकात. म्हशींनी काय पेट्रोल प्यावं?"

जप्त केलेल्या सायलेन्सरांचं पुढे काय होतं, ते पुण्याने, मुंबईने, नागपुराने आपल्याला दाखवलं आहे. रस्त्यावर ते ओळीने मांडतात. मागे अधिकारी उभे राहतात, पुढे कॅमेरे येतात, आणि रोडरोलर सावकाश त्यांच्यावरून जातो. हे व्हिडिओ भाचा आणि त्याचे मित्र जीव मुठीत धरून बघतात. "आरं, तो डॉल्फिन बघ की, नवाकोरा हाय!" कुणी तरी डोळे झाकून घेतो. मला त्यात दुसरंच दिसतं. एक तर रोलर रस्त्यावर चालताना बघण्याचा योग परभणीकराला फार क्वचित येतो, त्यामुळे मन भरून येतं. आणि दुसरं, त्या रोलरचा स्वतःचा आवाज किती डेसिबल, हे त्या गर्दीत कुणी मोजल्याचं ऐकिवात नाही.

इथे मी पोरांच्या बाजूने थोडं बोलणार आहे, त्यांनी मागितलेलं नसलं तरी. टपरीवर त्यांचे दोन मुद्दे असे आहेत की ज्यांना माझ्याकडे उत्तर नाही. पहिला: सायलेन्सर दुकानात उघड टांगलेला असतो, बिलावर कर लावून विकला जातो, मग गुन्हा घेणाऱ्याचाच कसा? दुसरा: आम्ही एक गाडी. आणि ते काय? 'ते' म्हणताना पोरगं हात चहूकडे फिरवतं. त्यात लग्नाच्या वरातीतला डीजे येतो, ज्याने खिडकीच्या काचा थरथरतात. उसाच्या ट्रॅक्टरवरचे कर्णे येतात. ट्रॅव्हल्सचा सात सुरांचा हॉर्न येतो. गाडीच्या डिकीत खोलीएवढा वूफर बसवून काचा खाली करून फिरणारी स्कॉर्पिओ येते. निवडणुकीतल्या रिक्षा येतात. इस्पितळ, शाळा, न्यायालय यांच्याभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथे दिवसा 50 आणि रात्री 40 डेसिबल एवढाच आवाज चालतो, हे 2000 सालच्या नियमांत छापलेलं आहे. 40 डेसिबल म्हणजे परभणीच्या माणसाचं कुजबुजणंही बसायचं नाही. त्याच नियमांत उत्सवांसाठी वर्षातले 15 दिवस रात्री बारापर्यंत ध्वनिक्षेपकाची सूट देता येते. आपल्याकडे उत्सव किती आणि दिवस किती हे गणित सरकारने आपल्या पंचांगावर सोडलेलं दिसतं.

मला वाटतं, एकटा सायलेन्सरच पकडला जातो याचं खरं कारण साधं आहे. सायलेन्सर चार नटबोल्ट काढले की हातात येतो. वरात हातात येत नाही. मिरवणूक रोलरखाली घालता येत नाही. 2015 साली राज्य सरकारने ट्रकमागचं 'हॉर्न ओके प्लीज' बंद केलं. ब्रशने लिहिलेलं होतं, ब्रशने पुसता आलं. हॉर्न राहिला. 2020 च्या जानेवारीत मुंबई पोलिसांनी एक सिग्नल दाखवला होता. हॉर्नचा गोंगाट 85 डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू. देशभर तो व्हिडिओ फिरला, लोकांनी हसून हसून तो पुढे पाठवला, आणि पाठवता पाठवता पुढच्याला हॉर्न दिला.

अर्थात हा युक्तिवाद भाच्याने केला की मी लगेच बाजू बदलतो. कारण वरातीत त्याच डीजेपुढे सगळ्यात पुढे कोण नाचत असतं, ते मी पाहिलेलं आहे. तेव्हा त्याला छातीत धक्के बसतात म्हणून आनंद होतो. आणि घरी आल्यावर शेजारच्या लहानग्याने पत्र्याच्या गाडीने खेळायला घेतलं की हाच ओरडतो, "आवाज बंद कर बे, मला अभ्यास करू दे!" आपला आवाज म्हणजे हौस, दुसऱ्याचा म्हणजे प्रदूषण, यावर आमच्या जिल्ह्यात बुलेटवाले, डीजेवाले, रिक्षावाले आणि मी असे सगळे एकमताचे आहोत. मी पहाटे रेडिओ लावतो. तो संस्कार असतो.

सध्या भाच्याच्या गाडीला ताईने शेवटी टाकीखालून काढून दिलेला ओरिजनल सायलेन्सर आहे. त्याला एका बाजूने पोचा आहे. आवाज इतका कमी की परवा तो येऊन दाराशी उभा राहिला तरी मला कळलं नाही. चहा पिता पिता मी त्याला चिडवायला म्हटलं, "तुझ्या कंपनीनं आता विजेवरची गाडी काढलीय. फ्लाइंग फ्ली. 2024 च्या नोव्हेंबरात मिलानला दाखवली. आवाजच नाही."

"मग ती चालू झाली हे कळणार कसं लोकांना?"

"तीच अडचण युरोपवाल्यांना आली. विजेच्या मोटारी इतक्या गुपचूप येतात की रस्त्यानं चालणाऱ्याला, त्यातही अंध माणसाला, कळत नाही. म्हणून 2019 पासून तिथं नव्या मॉडेलच्या मोटारीत हळू चालताना आवाज करायचं यंत्रच बसवावं लागतं."

भाच्याने कप खाली ठेवला. "म्हणजे कायद्यानं आवाज करायचा?"

"कायद्यानं. नाही केला तर गाडी विकता येत नाही."

तो बराच वेळ गप्प बसला. मला वाटलं, पोराला शांततेचं महत्त्व पटायला लागलं. मग त्याने मोबाईल काढून उस्तादांना लावला, स्पीकरवर टाकला आणि विचारलं, "उस्ताद, बॅटरीवाली गाडी को आवाज का मशीन रैता बोलते. उसमें अपना पंजाब भरता का?"

पलीकडून हातोडीचे दोन ठोके ऐकू आले.

"गाडी तो आने दो, भाई," उस्ताद म्हणाले. "कर देंगे."